काचगृहापासून खिडकीपर्यंत : आटोपशीर व बहुपुष्पी ऑर्किडच्या गृहसंवर्धनाचा इतिहास

सारांश

घरातील खिडकीत किंवा सज्जात सहज वाढणारी, आकाराने लहान आणि भरभरून फुलणारी ऑर्किड आज सामान्य माणसाच्या आवाक्यात आली आहेत. एकोणिसाव्या शतकात हेच फूल सरदार-उमरावांच्या काचगृहाचे भूषण होते. हे परिवर्तन केवळ व्यापारवृद्धीने घडले नाही. त्यासाठी ऑर्किडला कोळशापासून, जंगलापासून आणि मोठ्या फुलाच्या मोहापासून अशा तीन बंधनांतून सुटावे लागले. प्रस्तुत लेखात या तीन सुटकांचा मागोवा घेतला असून, त्यांतील दुसरी सुटका अद्याप अपुरी आहे, असे प्रतिपादन केले आहे.

प्रस्तावना

वनस्पतींच्या इतिहासाकडे आपण बहुधा अन्नधान्य, मसाले, कापूस, नीळ वा अफू यांच्या संदर्भात पाहतो. ज्या वनस्पतींनी साम्राज्ये उभारली किंवा दुष्काळ आणले, त्यांचा इतिहास लिहिला जाणे स्वाभाविकच होय. केवळ शोभेसाठी वाढविल्या जाणाऱ्या वनस्पतींकडे मात्र इतिहासाभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः शोभेच्या वनस्पतीही समाजातील संपत्तीचे वाटप, विज्ञानाची वाटचाल आणि निसर्गाशी असलेले माणसाचे नाते यांच्या साक्षीदार असतात. ऑर्किड हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

रोपवाटिकेतून घरी आणलेल्या वीतभर उंचीच्या फॅलेनॉप्सिसला किंवा लहान कॅटलियाला आपण निसर्गाची देणगी समजतो. तथापि ते रोप बहुधा कोणत्याही जंगलात उगवलेले नसते. अनेक खंडांतील जातींच्या संकरातून ते निर्माण झालेले असते आणि त्याचा जन्म प्रयोगशाळेतील काचेच्या बाटलीत झालेला असतो. हे रोप लहान का, ते वारंवार का फुलते आणि ते स्वस्त का, या तीन साध्या प्रश्नांची उत्तरे शोधू लागल्यास दोनशे वर्षांचा इतिहास उलगडू लागतो. तेच या लेखाचे उद्दिष्ट आहे.

पूर्वपीठिका : चीन आणि जपान

घरात लहान ऑर्किड वाढविण्याची कल्पना युरोपची नव्हे, याची नोंद आरंभीच करणे आवश्यक आहे. चीनमध्ये सिंबिडियम प्रजातीतील लहान, सुगंधी जाती कुंडीत लावून अभ्यासिकेत ठेवण्याची परंपरा जुनी आहे. झाओ शिगेंग याने इ. स. १२३३ मध्ये ऑर्किडच्या जोपासनेवर ग्रंथ लिहिला. या विषयावरील उपलब्ध ग्रंथांत तो अतिप्राचीन मानला जातो. चिनी विद्वानाला या वनस्पतीत हवे होते ते सुगंधाचे सौम्यपण आणि पानांची डौलदार रेषा. फुलाचा आकार त्याच्या दृष्टीने गौण होता.

जपानमध्ये एदो कालखंडात 'फूकिरान' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहानशा ऑर्किडला अभिजनांत प्रतिष्ठा लाभली. पूर्वी निओफिनेशिया फाल्काटा व आता व्हँडा फाल्काटा या नावाने ओळखली जाणारी ही वनस्पती तळहातावर मावेल एवढी असते. शेवाळाच्या उंचवट्यावर बसविलेले हे रोप त्याच्या पानांवरील रेषांसाठी आणि रात्री दरवळणाऱ्या गंधासाठी जपले जाई. म्हणजेच 'लहान ते सुंदर' हे मूल्य पूर्व आशियात रुजलेले होते. युरोपला त्याच मूल्यापर्यंत पोहोचण्यास फार लांबचा वळसा घ्यावा लागला.

काचगृह आणि कोळसा

उष्ण कटिबंधातील ऑर्किड युरोपात मोठ्या प्रमाणावर येऊ लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. ब्राझीलमधून आलेल्या आणि विल्यम कॅटली यांच्या संग्रहात वाढलेल्या एका वनस्पतीचे जॉन लिंडली यांनी १८२१ मध्ये कॅटलिया लॅबिएटा असे नामकरण केले. तिच्या मोठ्या, जांभळ्या फुलाने 'ऑर्किड म्हणजे भव्य फूल' हे समीकरण युरोपीय मनात पक्के केले.

मात्र या वनस्पती जगविणे कोणालाच नीट साधत नव्हते. त्यांचे मूळ निवासस्थान ठाऊक नसल्याने त्यांना एकतर मातीत पुरले जाई किंवा परोपजीवी समजले जाई. आपल्याकडेही हा गैरसमज नवा नाही. 'व्हँडा' हे प्रजातीनाम ज्या संस्कृत 'वंदा' शब्दावरून आले, तो मुळात झाडावर उगवणाऱ्या बांडगुळासारख्या वनस्पतींचा वाचक आहे. प्रत्यक्षात झाडावर वाढणारी ऑर्किड झाडाचा रस शोषत नाहीत. त्या अपिवनस्पती असून फांदीचा केवळ आधार घेतात आणि पाऊस, दव व कुजलेला पालापाचोळा यांवर जगतात. त्यांची मुळे हवेत मोकळी राहणे हीच त्यांच्या जगण्याची अट असते.

ही अट न उमगल्याने आरंभीच्या इंग्रज उद्यानपंडितांनी बंदिस्त, दमट आणि अतिउष्ण काचगृहे उभारली. उष्ण प्रदेशातील वनस्पती म्हणजे तिला वाफारा हवाच, असा तर्क त्यामागे होता. परिणामी हजारो रोपे कुजून गेली. डेव्हनशायरचे सहावे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश यांच्या चॅट्सवर्थ येथील उद्यानाचे प्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनी वायुवीजनावर भर दिला आणि वेगवेगळ्या हवामानांतील वनस्पतींसाठी वेगवेगळे तापमान राखण्याची पद्धत अवलंबिली. मुळांभोवती खेळती हवा, पाण्याच्या दोन पाळ्यांमध्ये सुकण्यास अवधी आणि मूळ प्रदेशाला अनुसरून तापमान ही त्रिसूत्री तेव्हापासून प्रस्थापित होत गेली. आजच्या घरगुती संवर्धनाचा पायाही तीच आहे.

१८४५ मध्ये ब्रिटनमधील काचेवरील कर रद्द झाला आणि काचगृहे मध्यमवर्गातील सधन कुटुंबांच्या टप्प्यात आली. तथापि काच स्वस्त झाली तरी हिवाळाभर ती उबदार ठेवण्याचा खर्च उरतच होता. ऑर्किडचा छंद हा शेवटी कोळशाचा हिशेब होता. या व्यवस्थेचा अंत किती नाट्यपूर्ण असू शकतो, हे चॅट्सवर्थच्याच 'ग्रेट स्टोव्ह' या प्रचंड काचगृहाने दाखवून दिले. १८४० मध्ये पूर्ण झालेल्या या काचगृहात १८४३ मध्ये व्हिक्टोरिया राणी घोड्यांच्या बग्गीतून फिरली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात कोळसा मिळेनासा झाला, आतील वनस्पती गारठून मेल्या आणि १९२० मध्ये ती वास्तू पाडण्यात आली. वनस्पतीपेक्षा तिचे घर महाग असेल, तर तो छंद युद्धाच्या एका तडाख्यात कोसळतो, हा धडा त्यातून मिळाला.

खासी टेकड्या : सात माणसांचा भार

या वैभवाची दुसरी बाजू जंगलात होती. ड्यूक कॅव्हेंडिश यांनी १८३५ मध्ये जॉन गिब्सन या तरुण माळ्याला भारतात पाठविले. कलकत्त्यावरून तो खासी टेकड्यांत पोहोचला आणि १८३७ मध्ये ऑर्किडचा मोठा संग्रह घेऊन परतला. त्या संग्रहातील एका आटोपशीर सिंबिडियमला पॅक्स्टन यांनी पुढे ड्यूकच्या सन्मानार्थ सिंबिडियम डेव्होनिएनम असे नाव दिले.

जोसेफ डाल्टन हुकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ १८५० मध्ये याच टेकड्यांत होते. 'हिमालयन जर्नल्स' या १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्यांनी निळ्या व्हँडाची, म्हणजे व्हँडा सेरुलियाची, हकीकत नोंदविली आहे. क्यू येथील उद्यानासाठी त्यांनी सात माणसांच्या पाठीवरचा भार होईल एवढी ही वनस्पती गोळा केली. परंतु वाटेतील अपघातांमुळे त्यांतील फारच थोडी रोपे इंग्लंडला जिवंत पोहोचली. एका गृहस्थाच्या माळ्याने तीच जागा पाहून एका माणसाच्या भाराइतकी रोपे पाठविली. ती वाईट अवस्थेत पोहोचूनही ३०० पौंडांना विकली गेली.

या नोंदीकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन कारणांसाठी थांबून पाहावे. एक, वनस्पतीची मोजणी येथे रोपांच्या संख्येने होत नसून माणसांच्या पाठींनी होते. दुसरे, ड्यूकचे नाव सिंबिडियमच्या जातिनामात अजरामर झाले. ज्या सात जणांनी तो भार वाहिला, त्यांची नावे मात्र आपल्यापर्यंत आली नाहीत.

हे केवळ खासी टेकड्यांपुरते मर्यादित नव्हते. अल्बर्ट मिलिकन या संग्राहकाने १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तात कोलंबियातील मोहिमेचा हिशेब दिला आहे. सुमारे दहा हजार ओडोंटोग्लॉसम रोपांसाठी सुमारे चार हजार झाडे तोडली गेली. उंच फांदीवरील रोप काढण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे झाडच आडवे करणे. एका रोपामागे झाडाचा जवळजवळ अर्धा वाटा, असा हा व्यवहार होता.

दुर्लक्षित जातींचे भाग्य

मोठ्या फुलाच्या हव्यासापायी लहान फुलांच्या जातींना त्या काळच्या छंदिष्टांनी जवळजवळ बाजूस सारले होते. अशा जातींना 'बोटॅनिकल' म्हटले जाई. वनस्पतिशास्त्रज्ञाने पाहाव्यात, सज्जनाने काचगृहात ठेवू नयेत, असा त्याचा ध्वन्यर्थ होता. परंतु आजच्या घरगुती ऑर्किडची वंशावळ पाहिली, तर याच उपेक्षितांचे रक्त तीत जागोजागी आढळते.

एक्झेटर येथील व्हीच यांच्या रोपवाटिकेत जॉन डॉमिनी यांनी घडविलेला पहिला कृत्रिम ऑर्किड-संकर १८५६ मध्ये फुलला. त्यांची परंपरा पुढे नेणाऱ्या जॉन सीडन यांच्या हातून १८८६ मध्ये दोन गोष्टी घडल्या. फिलिपीन्समधील फॅलेनॉप्सिस ॲफ्रोडाइटी आणि लहान फुलांची फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिस यांचा संकर फुलला. हा फॅलेनॉप्सिसचा पहिला कृत्रिम संकर मानला जातो. त्याच वर्षी ब्राझीलच्या डोंगररांगांतील सोफ्रोनायटिस कॉक्सिनिया या इवल्याशा, लालभडक फुलाच्या वनस्पतीचा कॅटलिया इंटरमीडियाशी झालेला संकरही पुढे आला. या दोन घटनांचे महत्त्व त्या वेळी फारसे कोणाच्या लक्षात आले नसावे. आटोपशीर ऑर्किडच्या दोन प्रमुख घराण्यांचा आरंभ मात्र त्यांत होता.

सोफ्रोनायटिस ही वनस्पती जेमतेम बोटभर उंचीची असते आणि तिचे फूल अनेकदा पानाहून मोठे भासते. ती थंड, धुक्याच्या डोंगरांतील रहिवासी असल्याने उकाड्यात टिकत नाही. मध्य अमेरिकेतील कॅटलिया ऑरँटिआका ही उष्णता सोसणारी जाती झुबक्यांनी फुलते, मात्र तिची फुले लहान असतात. एकीकडून ठेंगणेपण व लाल रंग, दुसरीकडून काटकपणा व बहुपुष्पता असा मेळ विसाव्या शतकातील संकरकारांनी घातला. १९६२ मधील 'ज्वेल बॉक्स' आणि त्यापासून उत्पन्न झालेला १९७५ मधील 'हेझेल बॉइड' हे संकर या प्रयत्नांची प्रसिद्ध फळे होत. रेणवीय अभ्यासांच्या आधारे २००८ मध्ये सोफ्रोनायटिसचा समावेश कॅटलिया प्रजातीतच करण्यात आला. ज्याला वेगळे घराणे मानले होते, ते घरातलेच धाकटे भावंड निघाले.

अशीच कथा इतरत्रही दिसते. फॅलेनॉप्सिस इक्वेस्ट्रिसने आपल्या वंशजांना फांद्या फुटणारे पुष्पदांडे आणि पुष्कळ फुले दिली. ऑस्ट्रेलियातील डेंड्रोबियम बिगिबमच्या ठेंगण्या प्रकाराने कुंडीतील डेंड्रोबियमला बुटका बांधा दिला. गिब्सनने खासी टेकड्यांतून नेलेले सिंबिडियम डेव्होनिएनम तर लघु-सिंबिडियमच्या, विशेषतः खाली झुकणाऱ्या पुष्पमंजिऱ्यांच्या संकरांचे महत्त्वाचे जनक ठरले.

बीजाचे कोडे

संकर करणे जमले तरी त्याची रोपे मिळविणे हे मोठे संकट होते. ऑर्किडच्या एका बोंडात लाखो बिया असू शकतात, परंतु त्या धुळीच्या कणासारख्या असून त्यांत पुष्क, म्हणजे अंकुराला पोसणारा अन्नसाठा, नसतो. माळी त्या बिया आईच्या कुंडीतच, तिच्या मुळांजवळ पसरीत. काही उगवत, बहुतेक मरत. असे का, हे कोणास सांगता येत नसे.

या कोड्याचे उत्तर फ्रान्समधील नोएल बर्नार्ड यांना १८९९ मध्ये सापडले. निओशिया या जंगली ऑर्किडच्या अंकुरलेल्या बिया पाहताना त्यांच्या ध्यानात आले की, प्रत्येक अंकुरात एक कवक शिरलेले आहे. त्या कवकाच्या साहाय्यानेच अंकुराला अन्न मिळते. आईच्या कुंडीत बी पेरणारा माळी नकळत त्या कवकाचाच आश्रय घेत होता. पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे लुइस क्नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले की, आगरयुक्त निर्जंतुक माध्यमात साखर मिसळल्यास कवकाविनाही बी उगवते. कवकाचे कार्य साखरेने केले. ऑर्किडच्या सामाजिक इतिहासात या शोधाचे स्थान काचकर रद्द होण्याहून मोठे आहे. काच स्वस्त झाल्याने घर स्वस्त झाले होते, क्नडसन यांच्या साखरेने रोपच स्वस्त केले.

फ्रान्सचेच जॉर्ज मोरेल यांनी १९६० मध्ये शेंड्याच्या विभाजी ऊतीपासून विषाणुमुक्त सिंबिडियम तयार करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. एका निवडक रोपापासून तंतोतंत तशीच असंख्य रोपे मिळू लागली. पूर्वी उत्तम वाणाचा एखादा तुकडा श्रीमंत संग्राहकांमध्ये फिरत असे. आता तोच वाण बाजारात येऊ लागला.

छंद घरात येतो

रोप स्वस्त झाले, तरी ते राहणार कोठे, हा प्रश्न होता. याचे उत्तर मध्यमवर्गीय घरात मिळाले. अमेरिकेतील रेबेका नॉर्दन यांचा 'होम ऑर्किड ग्रोइंग' हा ग्रंथ १९५० मध्ये निघाला. वायोमिंगसारख्या थंड व कोरड्या प्रांतातून लिहिणाऱ्या या लेखिकेने शीर्षकातच 'घर' हा शब्द योजला, हे अर्थपूर्ण आहे. १९८० मध्ये त्यांनी लघु-ऑर्किडवर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ज्या जाती व्हिक्टोरियाकालीन संग्राहकाने उपेक्षिल्या, त्यांच्यासाठी आता स्वतंत्र ग्रंथाची गरज भासू लागली होती. नळीदिव्यांच्या प्रकाशाने खिडकीचीही मर्यादा शिथिल केली. दिव्याखालच्या फळीवर हातभर उंचीची कॅटलिया मावत नाही, वीतभर उंचीची मावते. आटोपशीरपणा हे अशा रीतीने सौंदर्याचे नव्हे, तर प्रथमतः जागेचे मूल्य होते. सौंदर्यदृष्टी त्याच्या मागोमाग आली.

महाराष्ट्राच्या संदर्भात

आपल्या प्रदेशाचा या इतिहासाशी असलेला संबंध दुहेरी आहे. सतराव्या शतकात सिद्ध झालेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथमालेच्या १६९३ मधील बाराव्या खंडात मलबारातील ऑर्किडची चित्रे आहेत. या ग्रंथाच्या सिद्धतेत रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांचा सहभाग होता आणि त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र त्यात छापलेले आहे. येथे निदान नावे तरी उरली. पुढे फादर एच. सांतापाव आणि झेड. कपाडिया यांनी 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' या १९६६ मधील ग्रंथात तत्कालीन मुंबई प्रांताच्या ऑर्किडचे शास्त्रशुद्ध वर्णन केले. सह्याद्रीतील आमऱ्यांच्या अभ्यासकाला आजही त्या ग्रंथाला वळसा घालता येत नाही.

दुसरा संबंध व्यवहारातला आहे. फॅलेनॉप्सिस, कुंडीतील डेंड्रोबियम आणि लघु-कॅटलिया आपल्या शहरांतील सज्जांत वाढू लागली आहेत. त्यांच्या जोपासनेतील अडचणी इतिहासाच्या प्रकाशात चटकन उलगडतात. फॅलेनॉप्सिसला पुष्पदांडा येण्यासाठी काही आठवडे तुलनेने थंड तापमान लागते, म्हणून मुंबईच्या उबदार घरात ते पाने वाढवीत राहते आणि पुण्याच्या हिवाळ्यात फुलते. शुद्ध सोफ्रोनायटिस आपल्या उन्हाळ्यात तग धरीत नाही, तिचे ऑरँटिआका-वंशीय संकर मात्र रुळतात. नारळाची सोडणे, कोळसा व विटांचे तुकडे यांत रोप लावावयाचे ते पॅक्स्टन यांच्याच कारणासाठी, म्हणजे मुळांना हवा मिळावी म्हणून. जो नवशिका कुंडीत माती भरतो व रोज पाणी घालतो, तो १८३० च्या काचगृहातील चूक नव्याने करीत असतो.

एक जुनी चूक मात्र याहून गंभीर आहे. वैशाखाच्या अखेरीस घाटातल्या झाडांवर आमरीचे गुलाबी तुरे लोंबू लागतात. ते पाहून हळहळणारा आणि फांदीसह रोप उतरवून घरी आणणारा पर्यटक आजही भेटतो. अशी रोपे बहुधा वर्ष-दोन वर्षांत मरतात. त्यांची तुटलेली मुळे सावरत नाहीत आणि सह्याद्रीतील चार महिन्यांचा मुसळधार पाऊस व त्यानंतरचा कोरडा विश्रांतीकाळ आपण सज्जात निर्माण करू शकत नाही. १९७५ पासून अमलात आलेल्या 'साइटीस' कराराच्या परिशिष्टांत संपूर्ण ऑर्किड कुल समाविष्ट आहे. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही निळ्या व्हँडासारख्या जातींना पुढे संरक्षण दिले. सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ मध्ये ऑर्किडसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र स्थापन झाले. कायदा आणि संशोधन ही दोन्ही साधने उपलब्ध आहेत. प्रश्न आहे तो ग्राहकाच्या आणि पर्यटकाच्या सवयीचा.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, आटोपशीर व बहुपुष्पी ऑर्किड ही नैसर्गिक वस्तू जेवढी आहे, तेवढीच ऐतिहासिक घडणही आहे. दुसरा, तिच्या प्रसारात मोठ्या फुलांच्या प्रतिष्ठित जातींइतकाच, किंबहुना अधिक, वाटा उपेक्षित लहान जातींचा आहे. ज्या जातीला आज बाजारमूल्य नाही, ती राखून ठेवण्याचे समर्थन यातच सापडते. तिसरा निष्कर्ष असा की, कोळसा आणि मोठ्या फुलाचा मोह या दोन बंधनांतून ऑर्किड सुटली, परंतु जंगलाशी असलेले तिचे जुने नाते पूर्णतः सुटलेले नाही. बर्नार्ड, क्नडसन आणि मोरेल यांच्या शोधांनंतर छंदासाठी एकही झाड तोडण्याचे, एकही रोप जंगलातून आणण्याचे कारण उरलेले नाही. तरीही ते आणले जाते.

वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने हा विषय ऊतिसंवर्धनाच्या तासाला शिकवावा, इतिहासाच्या प्राध्यापकाने वसाहतवादाच्या. दोघांनीही समोर तीच कुंडी ठेवावी. खिडकीतील त्या लहानशा रोपात संशोधकांची बुद्धी आहे, तशी खासी टेकड्यांतील सात अनाम माणसांची पाठही आहे. रोप विकत घेताना ते बाटलीत जन्मले की फांदीवर, एवढे विचारणे, हे त्या सात जणांचे ऋण अंशतः तरी मान्य करणे होय.